चालू आहे, एवढंच कळतं

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीत मी ‘कम्प्युटरवाल्या काकू’ आहे. कोणाचा प्रिंटर कागद ओढत नसला, कोणाच्या फोनमधली जागा संपली, की बेल माझ्या दारावर वाजते. प्रिंटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णीकाका एकदा वैतागून म्हणाले, “प्रिंटर नाही, फोन नाही, वायफाय नाही. मग तुम्ही दिवसभर त्या खोलीत बसून करता तरी काय?” त्या दिवशी त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. आता निवृत्ती जवळ आली आहे आणि संपादकांनी पानं दिली आहेत, तर प्रयत्न करते.

क्लाउड हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी असतो. क्लाउड म्हणजे दूर कुठेतरी, थंड केलेल्या गोदामांत रात्रंदिवस चालणारे दुसऱ्याचे कम्प्युटर. आपली माहिती तिथे ठेवायची आणि लागेल तशी मागवायची. ज्यांना त्या कम्प्युटरांकडून काम करून घ्यायचं असतं, त्यांच्यासाठी आमच्या कंपनीत आम्ही तयार कोडचा एक संच बनवतो. त्याला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी तिचा काही संबंध नाही. दुभाषा समजा. इकडचा प्रोग्रॅमर म्हणतो, हे हवंय. आमची लायब्ररी ते तिकडच्या भाषेत सांगते आणि आलेलं उत्तर इकडच्या भाषेत आणून देते.

बहुतेक उत्तरं लगेच येतात. पण काही कामं अशी असतात की ती सांगितल्यावर तिकडचा कम्प्युटर म्हणतो, वेळ लागेल, नंतर विचार. मोठ्या माहितीची नक्कल काढायची, बिघडलेली माहिती जुन्या प्रतीवरून परत उभी करायची, असली कामं. उल्हासनगरच्या बाजारात ब्लाउज शिवायला टाकला की टेलर आधी पावती फाडून देतो. ब्लाउज मिळत नाही, पावती मिळते. ती दाखवून आपण अधूनमधून विचारायचं, झाला का? तो म्हणतो, चालू आहे. आता तो मशीनवर आहे की अजून गठ्ठ्यात पडलाय, ते आपल्याला कळत नाही.

माझं काम त्या पावतीचं. प्रोग्रॅमरच्या हातात ती कोणत्या रूपात द्यायची, तिच्यावर काय काय लिहायचं, ती घेऊन पुन्हा विचारायला कसं जायचं, मध्येच नको झालं तर सांगायचं कसं, आणि काम फसलं तर ते कोणत्या शब्दांत कळवायचं. आमच्याकडे अशा लांबणाऱ्या कामाला ऑपरेशन म्हणतात. एकदा मी फोनवर “ऑपरेशन चालू आहे, मध्येच सोडू नका” असं सांगत होते, तेव्हा आमच्याकडे भांडी घासणाऱ्या सुमनताई ओले हात तसेच धरून दारात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “पेशंट कोण आहे?”

हे काम बाहेरून वाटतं तितकं थंड नसतं. माझा टीम लीड श्रीनिवास बंगळुरूला असतो. त्याच्याशी या पावतीवरून माझे बरेच वाद झाले. (आम्ही इंग्रजी-हिंदीत बोलतो, इथे मराठीत देते.) त्याचं म्हणणं असं की प्रोग्रॅमरला वाट बघायला लावूच नये. त्याने एक ओळ लिहावी, लायब्ररीने आतल्या आत थांबावं आणि काम झालं की निकाल हातात ठेवावा.

“पावतीबिवती कोणाला हवीय? लोकांना ब्लाउज हवाय,” तो म्हणायचा.

“आणि लोक रांगेत उभे असतानाच दिवे गेले तर?” मी विचारायचे.

“तर एरर येईल.”

“कसली एरर? काम फसलं, की आपण वाट बघणं सोडलं?”

तो हसायचा. “वैशाली, तू फार काळजी करतेस.”

करते खरी. शेवटी आम्ही लायब्ररीत दोन्ही सोयी ठेवल्या. ज्याला हवं त्याने एका ओळीत थांबावं, ज्याला हवं त्याने पावती घ्यावी. लोकांनी अर्थातच एका ओळीचा रस्ता धरला. त्यातले काही तर भलतेच उतावीळ. परदेशातल्या एका गिऱ्हाईकाचा प्रोग्रॅम ‘झालं का, झालं का’ असं इतक्या झपाट्याने विचारत सुटला की आमच्या सर्व्हरने त्याला दारात उभं करणंच बंद केलं. मग त्याने तक्रार केली की तुमची सेवा बंद आहे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. हरेशचा फोन येईपर्यंत.

हरेश माझा जुना विद्यार्थी. या नोकरीच्या आधी मी उल्हासनगरला एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. तो बाकावर कधी बसला नाही, दाराशी उभा राहून शिकला, कारण वडिलांच्या कापडाच्या दुकानातून कधीही हाक यायची. आता उल्हासनगरच्याच कॅम्प चार भागात त्याचं स्वतःचं छोटं ऑफिस आहे. दवाखान्यांसाठी तो सॉफ्टवेअर बनवतो. त्यासाठी आमच्याच कंपनीचा क्लाउड वापरतो आणि मी लिहिलेली लायब्ररीही. त्याचं त्याला फार कौतुक. नवीन गिऱ्हाईक आलं की सांगतो, “ये मेरी मॅडमने बनाया है.”

तो शनिवार होता. जेवून नुकतीच उठले होते.

“मॅडम, बिझी तर नाही?” हरेशचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “एक लोचा झालाय. थोडा अर्जंट आहे.”

त्याच्या गल्लीत समोरच्या बाजूला एक थॅलेसेमियाचं केंद्र आहे. उल्हासनगरात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सिंधी घरांमध्ये तो जास्त दिसतो, पण जातपात विचारून येत नाही. शरीरात धड रक्तच तयार होत नाही, म्हणून लहानपणापासून दर काही आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवायचं. केंद्रातल्या सगळ्या मुलांच्या नोंदी हरेशच्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. मागे एका पावसाळ्यात वालधुनी नदीचं पाणी केंद्राच्या तळमजल्यात शिरलं आणि कागदी फायलींचा लगदा झाला. तेव्हापासून सगळं कम्प्युटरवरच.

त्या सकाळी हरेशने सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा केली आणि ती अंगलट आली. प्रत्येक मुलाच्या नोंदीत ‘विशेष सूचना’ असा रकाना होता. तो सगळ्यांचा कोरा झाला. क्लाउडवर आदल्या रात्रीची प्रत होती, म्हणून त्याने ती परत उभी करायला लावली. आमची एका ओळीची पद्धत वापरली आणि वाट बघत बसला. तेवढ्यात गल्लीतली वीज गेली. इन्व्हर्टरने थोडा वेळ तग धरला आणि मग तोही बसला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण इंटरनेट तुटलं. वीज आल्यावर बघतो तर प्रोग्रॅम मेलेला, आणि शेवटची ओळ अशी: ऑपरेशन पूर्ण होऊ शकलं नाही.

“म्हणून मी परत चालवलं,” हरेश म्हणाला. “तर बोलतोय, या नावाचं काम आधीच चालू आहे. म्हणजे अडकलंय ना, मॅडम? मी ते कॅन्सल मारतो आणि फ्रेश टाकतो. बरोबर?”

“हरेश, काही दाबू नकोस. हात काढ माउसवरून. मी येते.”

“मॅडम, समोर केंद्रात पेशंट बसलीय.”

“म्हणूनच म्हणतेय.”

रिक्षात बसल्यावर मी मनातल्या मनात सगळं पुन्हा लावून पाहिलं. प्रोग्रॅम मेला तो हरेशच्या टेबलावर. तिकडचं काम तिकडच्या कम्प्युटरवर चाललेलं. इकडची वीज गेली म्हणून ते थांबायचं काही कारण नव्हतं. पण ते खरोखर चालू होतं, की दुसऱ्याच कशाने अडकलं होतं? रद्द केलं की झालेलं सगळं काम पुसलं जाणार आणि पहिल्यापासून सुरुवात. आणि न रद्द करता वाट बघत बसलो आणि ते मुळातच अडकलेलं असलं तर? एकाच प्रतीवरून दोन कामं एकदम लावायची सोय नव्हती. म्हणजे एकच रस्ता, आणि तो पुढे बंद आहे की खुला ते दिसत नाही.

हरेशच्या ऑफिसात पंखा चालू असूनही तो घामाने डबडबला होता. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला, पूर्वी क्लासच्या दारात उभा राहायचा तसा.

एका ओळीचा रस्ता धरल्यामुळे त्याच्या हातात पावती नव्हतीच. पण लायब्ररीत एक सोय आहे: माझ्या खात्यावर सध्या कोणकोणती कामं चालू आहेत, असं विचारता येतं. ती फारसं कोणी वापरत नाही. मी विचारलं. यादीत एकच काम आलं. त्याचं लांबलचक नाव घेतलं, त्यावरून पावती पुन्हा तयार केली आणि तिला विचारलं, काय स्थिती आहे?

उत्तर आलं: चालू आहे.

“जिंदा है?” हरेशने विचारलं.

“चालू आहे म्हणतंय.”

“मतलब तेच ना?”

पावतीवर दुसरीही माहिती असते. किती टक्के झालं, आणि हा आकडा शेवटचा कधी बदलला. टक्के बरेच पुढे गेलेले होते. पण आकडा वीज जायच्या सुमारालाच शेवटचा हलला होता. त्यानंतर जागचा ढिम्म. मी पुन्हा विचारलं. तोच आकडा. थोड्या वेळाने पुन्हा. तोच.

मला एक अंदाज होता. माहिती उतरवून झाल्यावर तिकडचे कम्प्युटर ती सगळी तपासतात, नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून अनुक्रमणिका बांधतात, आणि त्या वेळात हा आकडा हलत नाही असं मी ऐकून होते. पण तो आकडा भरणारे लोक वेगळे. मी फक्त तो आणून दाखवते. ऐकीव गोष्टीवर कोणाच्या लेकराचा जीव टांगायचा, हे काही बरं वाटेना. मी श्रीनिवासला फोन लावला. तो भाच्याच्या मुंजीत होता. मागे सनई वाजत होती. सगळं ऐकून तो बाहेर गेला आणि कंपनीच्या क्लाउडवर ड्युटीला असलेल्या माणसाला गाठून त्याने परत फोन केला.

“त्यांनी बघायला घेतलंय,” तो म्हणाला. “वरवर बघून जिवंत वाटतंय म्हणतात. पण खात्री द्यायला तयार नाहीत. वैशाली, माझ्या सांगण्यावरून रद्द करू नकोस, आणि माझ्या सांगण्यावरून थांबूही नकोस.”

इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण तो इतक्या हळू आवाजात बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.

मी उठून समोर केंद्रात गेले. फोनवर सांगणं सोपं होतं, पण बरं वाटेना. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टर रेवती माझ्याच वयाच्या, केसांत पेन खोचलेल्या. त्यांनी मला बाजूच्या खोलीत नेलं. काचेतून पलंगावर बसलेली मुलगी दिसत होती. काव्या तिचं नाव, वांगणीची, अकरावीत. ओठ पांढरटले होते. उशीला टेकून ती मोबाइल बघत होती, पण बोट हलत नव्हतं.

“हिचं हिमोग्लोबिन फार खाली आलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “परीक्षा होती म्हणून आठवडाभर उशिरा आली. रक्ताची पिशवी तयार आहे, आजच्या तपासणीत जुळलीही आहे.”

“मग?”

“हिला पूर्वी एका दुसऱ्या हॉस्पिटलात रक्त चढवल्यावर त्रास झाला होता. एका विशिष्ट रक्तघटकाविरुद्ध हिच्या शरीरात अँटीबॉडी तयार झालीय. असल्या काही अँटीबॉडी कालांतराने इतक्या कमी होतात की तपासणीत दिसतच नाहीत. रिपोर्ट स्वच्छ येतो. पण तोच घटक असलेलं रक्त पुन्हा गेलं की शरीराला सगळं आठवतं आणि चढवलेलं रक्त ते फोडायला लागतं. तो घटक कोणता, ते त्या विशेष सूचनेत होतं. मी इथे येण्याच्या आधीची नोंद आहे. मला पाठ नाही.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “त्या हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग शनिवारी दुपारी बंद. तुम्ही मला फक्त एवढं सांगा, किती वेळ लागेल?”

बत्तीस भाषांतला कोड वाचता येणाऱ्या माणसालाही या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं. मी म्हणाले, “माहीत नाही.”

काव्याचे वडील दाराशी आले होते. दत्ता भोईर, वांगणीजवळच्या गावचे, बदलापूरच्या एका कंपनीत मशीन चालवतात. अजून कंपनीच्याच कपड्यांत होते. त्यांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, ते चालू हाय का बंद पडलंय, एवढंच सांगा. चालू हाय तर आम्ही बसतो. बंद पडलंय तर मी गाडी करून पोरीला मुंबईला नेतो.”

“चालू आहे असं ते सांगतंय,” मी म्हणाले. “पण पुढे सरकताना दिसत नाहीय. सरकत नसेलच असंही नाही. मला इथून जेवढं दिसतं तेवढं सांगितलं.”

खोटा धीर द्यायचा मोह झाला होता. दत्ताभाऊंनी मान हलवली. “बरं. म्हंजे तुम्हालाबी आमच्यासारखंच.”

डॉक्टरांनी ठरवलं की काव्याला सतत नजरेखाली ठेवायचं आणि झेपेल तोवर थांबायचं. छातीत धडधड वाढली किंवा श्वास लागला तर मात्र हाताशी आहे ती पिशवी लावायची आणि जे होईल त्याला तोंड द्यायचं. “मुंबईच्या वाटेत काही झालं तर माझ्या हातात काहीच नसेल,” त्यांनी दत्ताभाऊंना समजावलं. ते बाकावर जाऊन बसले.

मी परत हरेशकडे आले. आकडा तोच.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. मी विचारायची, चालू आहे यायचं. किती वेळाने विचारायचं याचे नियम मीच लायब्ररीत घातलेले: आधी लवकर लवकर, मग जरा थांबून, मग आणखी थांबून, म्हणजे सर्व्हरवर भार पडत नाही. ते नियम लिहिताना मला फार शहाणपणाचे वाटले होते. आता दोन विचारण्यांमधला तो थांबा जाता जाईना. हरेशने मागवलेल्या चहावर साय धरली.

मध्येच त्याचा फोन वाजला. डॉक्टरच होत्या. त्याने स्पीकर लावला.

“हिची धडधड वाढायला लागलीय. मी आणखी थोडा वेळ देऊ शकते. फार नाही.”

फोन ठेवून हरेश टेबलाशी आला. “मॅडम, कॅन्सल करू या. प्लीज. फ्रेश टाकलं तर निदान चालतंय हे तरी दिसेल.”

“दिसेल. पण सकाळपासून झालेलं सगळं जाईल.”

“आणि हे अडकलेलं असलं तर?”

“तर मी चुकले असेन.”

मी माउस टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवला. नव्याने काम लावलं असतं तर पडद्यावर आकडे हलताना दिसले असते, हरेशला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं, आणि काव्यासाठी ते खात्रीने उशिराचं ठरलं असतं. मला कळत होतं ते एवढंच. बाकी सगळा अंदाज.

तेवढ्यात श्रीनिवासचा निरोप आला. तिकडच्या माणसाने आत शिरून पाहिलं होतं. अनुक्रमणिका बांधणं सुरू आहे, रद्द करू नका, वेळ सांगता येत नाही.

मी तो हरेशला वाचून दाखवला आणि त्याने डॉक्टरांना कळवला. त्यानंतर विचारलं तेव्हा उत्तर बदललं. पूर्ण.

हरेशने आनंदाने दोन्ही हात वर केले. मी त्याला खूण करून थांबवलं. आमच्या धंद्यात पूर्ण म्हणजे काम संपलं, एवढंच. नीट संपलं की फसून संपलं, ते पावती उघडून वेगळं बघावं लागतं. यशाच्या आधी चूक तपासायची, हे मी क्लासमध्येही शिकवायचे. मी पावतीतला चुका नोंदवायचा कप्पा उघडला. रिकामा होता. मग निकाल उघडला, काव्याची नोंद शोधली. विशेष सूचनेचा रकाना भरलेला होता. दोन ओळींचं इंग्रजी, एका अँटीबॉडीचं नाव.

हरेश फोनवर ते नाव अक्षर अक्षर सोडवून सांगत होता, तरी मी रस्ता ओलांडून धावत गेले. डॉक्टरांनी ऐकलं, लिहून घेतलं आणि रक्तपेढीला फोन लावला. तयार ठेवलेल्या पिशवीत तो घटक होता की नाही, हे आता नेमकं तपासता येत होतं. उत्तर यायला फार वेळ लागला नाही. होता.

डॉक्टरांनी ती पिशवी उचलून स्वतःच्या हाताने परत डब्यात ठेवली. कल्याणच्या रक्तपेढीत चालणारी पिशवी सापडली आणि दत्ताभाऊंचा पुतण्या ती मोटरसायकलवरून घेऊन आला. उन्हं उतरत असताना काव्याच्या हाताला सुई लागली. मी घरी जाऊन सरळ आडवी झाले.

सोमवारी मी श्रीनिवासला म्हणाले की ती एक ओळ बदलायची. ‘ऑपरेशन पूर्ण होऊ शकलं नाही’ हे वाक्य काढायचं. वाट बघणं संपलं तर तेवढंच सांगायचं: आम्ही वाट बघणं थांबवलंय, कामाचं काय झालं माहीत नाही, कामाचं नाव हे, पुन्हा असं विचारा. या वेळी तो हसला नाही. “एररला फार मोठं वाक्य आहे,” एवढंच म्हणाला आणि मान्य केलं. पण लायब्ररीतला शब्द बदलला की जगभरातले त्यावर विसंबलेले प्रोग्रॅम मोडतात, म्हणून तो फक्त नव्या आवृत्तीत बदलला. जुनी आवृत्ती अजून हजारो ठिकाणी चालू आहे आणि तिथे वीज गेली की तेच जुनं वाक्य येतं. कधी कधी भाजी निवडताना ते मनात येतं आणि हात थांबतो.

काही आठवड्यांनी डॉक्टर रेवतींनी मला केंद्रात बोलावलं. सॉफ्टवेअर असं अडकलं की नर्सना पडद्यावर काय दिसावं, हे ठरवायचं होतं. काव्या पुन्हा त्याच पलंगावर होती, या वेळी वेळेवर आलेली, गालांवर रंग. हाताला नळी. आमचं बोलणं ती ऐकत होती.

“काकू,” ती म्हणाली, “एखादी गोष्ट चालू आहे की अडकलीय, हे बाहेरून ओळखायचं कसं?”

“नाही ओळखता येत. विचारत राहायचं. आणि नुसतं ‘चालू आहे’ वर गप्प बसायचं नाही. शेवटचं काय झालं, कधी झालं, ते विचारायचं.”

तिने नळीतल्या थेंबांकडे पाहिलं. “हा आजार कायमचा जावा म्हणून माझ्यासाठी बोनमॅरोचा डोनर शोधतायत. मागच्या वर्षी दादाचे आणि माझे सॅम्पल दिले होते. पप्पा विचारतात तेव्हा संस्थेवाले सांगतात, शोध चालू आहे.”

“शेवटचं कोणी बघितलं?” मी विचारलं.

तिने खांदे उडवले. डॉक्टर रेवतींनी फाइल बाजूला ठेवली. त्यांनी तिथल्या तिथे डोनर शोधणाऱ्या संस्थेला फोन लावला. पहिल्या माणसाने ‘चालू आहे’ सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, “शेवटची नोंद काय आहे, ती वाचून दाखवा.” बराच वेळ गाणं वाजत राहिलं. मग दुसऱ्या बाईंनी वाचून दाखवलं. दादाच्या नमुन्याची नळी वाटेत गळली होती. तपासणीच झालेली नव्हती. नवीन नमुना पाठवा, असा संदेश दत्ताभाऊंच्या जुन्या नंबरवर गेला होता, आणि उत्तर आलं नाही म्हणून अर्ज तसाच पडून होता. शोध कधी सुरूच झाला नव्हता.

डॉक्टरांनी फोन ठेवला. काव्याने चेहरा भिंतीकडे वळवला. मग तशीच, मागे न बघता म्हणाली, “दादाला उद्या सुट्टी आहे. उद्या येऊन देईल.”

दादाने दुसऱ्या दिवशी नमुना दिला. तो तिच्याशी जुळला नाही. पण त्यामुळे बाहेरच्या डोनरांच्या यादीत शोध सुरू झाला, या वेळी खरोखर. डॉक्टर म्हणतात, “आशा धरायला जागा आहे, याहून जास्त मी बोलणार नाही.”

मध्ये एकदा हरेशच्या ऑफिसात गेले होते, तेव्हा काव्या केंद्रातून खाली उतरताना भेटली. बारावीची पुस्तकं होती हातात. मी विचारू की नको अशी घुटमळत होते, तर तीच म्हणाली, “अजून नाही मिळाला. पण मी दर सोमवारी संस्थेला फोन करते, पप्पांना नाही करू देत. ते नुसतं बरं बरं म्हणतात.”

“कंटाळत नाहीत का तिथले?”

“आधी कंटाळायचे.” ती हसली. “आता त्या बाई माझं नावच विचारत नाहीत. आवाज ऐकला की म्हणतात, थांब गं, उघडून बघते.”